खऱ्याचा आठवडा

"सप्पीरा खोटं बोलली म्हणून नाही मेली," आई पाळकसाहेबांना म्हणाली. "नवऱ्याच्या हो ला हो म्हणाली म्हणून मेली. ते आधी सांगा बायकांना."

पाळकसाहेब, म्हणजे रेव्हरंड त्रिभुवन, त्यांच्या ओसरीत चहाची बशी तोंडाशी धरून बसले होते. ती त्यांनी खाली ठेवली. मी आईच्या मागे उभी होते आणि मला हसू आवरत नव्हतं. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते, आणि आमच्या मिशन कंपाउंडात हसण्यासारखं रोज काही घडत नसे.

"मकासरेबाई, तिला प्रेषितानं सरळ विचारलं होतं. जमीन एवढ्यालाच विकली का? ती खोटंच हो म्हणाली आणि तिथंच मरून पडली."

"आणि राहाबचं काय? तिनं हेर घराच्या धाब्यावर लपवले आणि शिपायांना सांगितलं, आत्ताच गेले की हो ते. तिचं नाव तर प्रभूच्या वंशावळीत आलं."

"तो जुना करार झाला."

"मिसरातल्या सुइणी? त्यांनी तर राजाला तोंडावर थाप मारली. देवानं त्यांची घरं भरली."

"तोही जुना करार."

"म्हणजे देव मधेच बदलला का?"

पाळकसाहेबांनी बशी पुन्हा उचलली. चहा निवला होता. "हे बघा," ते म्हणाले, "शपथेची कल्पना माझी, पण कलमं मास्तरांची आहेत. तुम्ही घरातच विचारा."

मास्तर म्हणजे माझे वडील. शमुवेल मकासरे, मिशन शाळेचे निवृत्त हेडमास्तर आणि चर्चच्या मंडळीचे पंच. त्यांना खोटं बोलता येत नसे. लोक म्हणत, केवढा देवमाणूस. आम्ही घरातले मात्र त्याला दुखणं समजत होतो.

शपथ सुरू झाली ती एका पातेल्यावरून. मंडळीचं जेवणाचं मोठं पातेलं नाताळनंतर नाहीसं झालं आणि कंपाउंडातल्या तीस-चाळीस घरांपैकी प्रत्येक घरानं सांगितलं, आमच्याकडे नाही. पाळकसाहेबांना ते लागलं. एवढं मोठं पातेलं, त्यात चार बकऱ्यांचं मटण शिजतं, ते हवेत विरलं कसं? ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी त्यांनी लबाडीवर दीड तास उपदेश केला. चोरी एकदा होते आणि संपते, म्हणाले, पण खोट्याला रोज खायला घालावं लागतं. मग सगळ्यांनी हात वर करून बाबांनी लिहून दिलेली शपथ घेतली: ईस्टरपर्यंत कुणीही काही विचारलं तर खरंच सांगायचं. बाबांनी तिला आणखी एक कलम जोडलं. ज्याच्याकडून शपथ मोडेल त्यानं ईस्टरच्या उपासनेत सगळ्यांसमोर उभं राहून ते कबूल करायचं.

आणि त्याच आठवड्यात शनिवारी माझ्या करुणाताईला बघायला जालन्याची माणसं येणार होती.

प्रभूच्या दुःखसहनाच्या आठवड्यात कुणी मुलगी बघतं का, असं आई म्हणालीच होती. पण मुलाची रजा तेवढीच होती. ताई अठ्ठावीस वर्षांची झाली होती. चार वर्षांपूर्वी तिला क्षय झाला होता. वर्षभर ती डोंगरावरच्या सॅनिटोरियममध्ये राहिली, पूर्ण बरी झाली, डॉक्टरांनी आता काही भीती नाही म्हणून सांगितलं, आणि ती शाळेत शिकवायलाही लागली. पण लग्नाच्या मुलीला क्षय झाला होता हे त्या काळी माणूस सख्ख्या चुलत्यालाही सांगत नसे. आमच्या बाबांनी दोन स्थळांना सांगितलं, तेही कुणी न विचारता, चहा यायच्या आत. पहिली मंडळी पोहे न खाताच उठली. दुसरी पोहे खाऊन मग उठली. ताई दोन्ही वेळा आतल्या खोलीत जाऊन नेसलेली साडी घडी करत बसली होती. ते मी पाहिलं होतं, आणि तिसऱ्यांदा बघायची माझी तयारी नव्हती.

त्या शनिवारपुरती सूट मागायलाच आई पाळकसाहेबांच्या ओसरीत आली होती. ती मिळाली नाही, पण हात हलवत परतणाऱ्यातली ती नव्हती.

"बरं, एवढं तरी सांगा," ती म्हणाली. "न विचारलेलं आपणहून सांगायलाच पाहिजे, असं काही आहे का?"

पाळकसाहेबांनी विचार केला. "नाही. शपथ विचारलेल्याची आहे."

"हे तुमच्या तोंडून मास्तरांना सांगा."

त्यांनी ते सांगितलं. बाबांना पटलं नाही, पण कलम त्यांचंच होतं.

त्या आठवड्यात कंपाउंडाची काय दशा झाली ते काय सांगू. सोमवारी पाळकसाहेबांनीच एकाला विचारलं, उपदेश कसा झाला? तो म्हणाला, लांबला. मंगळवारी सगुणाबाईंनी पाळकीणबाईंना विचारलं, माझा आवाज कसा लागतो? त्यानंतर सगुणाबाई नळावर पाळकीणबाई निघून गेल्यावरच पाणी भरायला लागल्या. दोन साडू बोलेनासे झाले. एका नवरदेवानं बायकोला विचारू नये ते विचारलं आणि ती माहेरी गेली. बुधवारपर्यंत लोक शहाणे झाले. कुणी कुणाला काही विचारीच ना. जेवलात का, एवढंसुद्धा नाही. दोन माणसं समोरासमोर आली की सलाम करत आणि भरभर पुढे निघून जात. पातेल्याचं मात्र कुणी कुणाला विचारलंच नाही, त्यामुळे ते सापडलंही नाही.

शनिवारी सकाळी बोर्डे मंडळी आली. भास्करराव बोर्डे, त्यांची बायको लीलाबाई आणि मुलगा जयवंत. मुक्काम पाळकसाहेबांकडे, कारण जादा खोली त्यांच्याचकडे होती. भास्करराव रेल्वेतून तिकीट तपासनीस म्हणून निवृत्त झालेले. माणसानं विचारलेल्या प्रश्नाला उत्तर दिलं तरी ते थोडा वेळ त्याच्या तोंडाकडे बघत राहत.

आमच्यात मुलगी बघण्याआधी मुलाकडचे कंपाउंडात चौकशी करतात. दोन घरी, फार तर तीन घरी. भास्करराव पिशवी ठेवून पाणी प्यायले आणि एकटेच बाहेर पडले. मी खिडकीत उभी राहून बघत होते. आधी ते नळावर थांबले. मग गिरणीपाशी. मग चिंचेखाली म्हातारी माणसं बसतात तिथं. मग दवाखान्याच्या पायरीवर. जो दिसेल त्याला थांबवत होते. आख्खा डबा तपासल्याशिवाय उतरायचं नाही, अशी त्यांची सवय असावी.

"आई, ते सगळ्यांना विचारताहेत," मी म्हणाले.

आई कांदा चिरत होती. तिनं विळी आडवी केली. "आणि सगळ्यांनी शपथ घेतलीय," ती म्हणाली.

ताईला मात्र कशाचंच काही वाटत नव्हतं. ती आरशासमोर शांतपणे वेणी घालत होती. मी तिच्याजवळ गेले.

"तुला हे स्थळ पाहिजे ना?"

"पाहिजे," ती म्हणाली. शपथ होती, त्यामुळे लाजलीसुद्धा नाही.

"बघितलंयस तू त्याला कधी?"

"हो."

"कुठं?"

तिनं वेणीचं टोक दातात धरलं, रिबन बांधली, मग म्हणाली, "ते विचारू नकोस. विचारलंस तर सांगावं लागेल."

मी विचारलं नाही. मला वाटलं, असेल कुठल्या तरी तरुणांच्या मेळाव्यातलं, आणि मेळाव्यात तसं काही होणं चांगलं नाही, असं आमच्याकडे समजत.

पाहुणे दुपारी आमच्याकडे आले. बाबा कोट घालून खुर्चीच्या टोकावर बसले होते. आईनं त्यांच्या शेजारी अशी जागा घेतली होती की गरज पडली तर पायानं पाय दाबता येईल. ताईनं पोहे आणले. ते तिनंच केले होते, मुद्दामच, म्हणजे विचारलं तर पंचाईत नको.

"पोहे कुणी केले?" लीलाबाईंनी विचारलंच.

"मी," ताई म्हणाली.

"मीठ जरा..."

"दोनदा पडलं."

जयवंतनं मान खाली घालून पोहे संपवले. अंगानं बारीक, कान मोठे, पण डोळे हसरे होते.

"वय?" भास्कररावांनी बाबांना विचारलं.

"अठ्ठावीस. ऑगस्टात एकोणतीस."

"मध्यस्थ पंचवीस म्हणाले होते."

"मध्यस्थांनी शपथ घेतलेली नाही."

"स्वभाव?"

"हट्टी आहे. आईवर गेलीय."

आईचा पाय हलला. बाबांनी आपले पाय खुर्चीखाली घेतले.

भास्करराव थोडे हसले. त्यांना ही शपथ पाळकसाहेबांनी सांगितली असावी, आणि मौज वाटत असावी. "मग मास्तर, आमचा जयवंत कसा वाटतो तुम्हाला?"

"कान मोठे आहेत. बाकी मुलगा चांगला दिसतो."

जयवंत मोठ्यानं हसला. लीलाबाईंनाही हसू आलं. खोलीतली हवा एकदम सैल झाली. लीलाबाई म्हणाल्या, असं सरळ घर आम्ही पाहिलं नाही. आईच्या चेहऱ्यावर मी त्या आठवड्यात पहिल्यांदा रंग पाहिला. बस झालं, माझ्या मनात आलं. आता चहा येईल, प्रार्थना होईल, आणि सुटू आपण.

भास्कररावांनी बशी खाली ठेवली. "एकच राहिलं," ते म्हणाले. आणि कुणाकडेही न बघता, रिकाम्या बशीकडे बघत म्हणाले, "मुलीला कधी मोठं दुखणं वगैरे? टायफॉईड, क्षय, असं काही?"

मी बाबांकडे बघितलं. बाबा ताईकडे बघत होते. माझ्या वडिलांना उभ्या जन्मात पहिल्यांदाच उत्तर यायला वेळ लागला.

"नाही," बाबा म्हणाले.

आईनं त्यांच्याकडे अशी मान वळवली की मणका वाजला.

एवढ्यावर थांबायचं की नाही? पण ते बाबांचं पहिलंच खोटं होतं. थांबायचं कुठं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. "दुखणं कसलं," ते म्हणाले, "तिला साधं पडसंसुद्धा होत नाही. आमच्या घराण्यात कुणी आजारीच पडत नाही. माझे वडील नव्वद वर्षं जगले."

"असं? मग कशानं गेले?"

माझे आजोबा पन्नाशीत प्लेगनं गेले होते. बाबा घामाघूम झाले. "विहिरीत पडून," ते म्हणाले. "पोहताना."

"नव्वदाव्या वर्षी?"

"आवड होती त्यांना."

भास्करराव बाबांच्या तोंडाकडे बघत राहिले. आता हा माणूस म्हणणार, नळावर मी वेगळंच ऐकलं. पण ते तसं म्हणाले नाहीत. नुसतं हं केलं आणि खिशातून रुमाल काढला. तेव्हा मला वाटलं, तिथं त्यांनी नुसता स्वभावच विचारला असेल, देव पावला.

रीतीप्रमाणे आईनंही विचारलं, "तुमच्याकडे सगळ्यांच्या तब्येती बऱ्या ना?"

"लोखंड," भास्करराव म्हणाले. "आमचा जयवंत तर जन्मात डॉक्टरकडे गेलेला नाही."

जयवंत भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागला. लीलाबाई म्हणाल्या, "नाहीच गेला." मग चहा आला, पाळकसाहेबांना बोलावणं गेलं, आणि दोन्हीकडून पसंती झाली. उद्या ईस्टरच्या उपासनेत जाहीर करू, असं ठरलं.

पाहुणे गेले आणि बाबा ओसरीत येरझाऱ्या घालायला लागले. संध्याकाळी जेवले नाहीत.

"अहो, झालं ते झालं," आई म्हणाली. "पाळकसाहेबांना एकट्यात सांगा आणि मोकळे व्हा."

"कलम आहे. सगळ्यांसमोर."

"कलम तुमचंच आहे ना? मग काढून टाका."

"स्वतःला लागू पडलं की काढायचं, असं कलम नसतं."

"उभे राहिलात की कुणीतरी विचारणार, मास्तर, काय खोटं बोललात? मग?"

"मग सांगावं लागेल."

"आणि बोर्डे पुढच्याच सतरंजीवर बसलेले असतील."

बाबा पायरीवर बसले. मला त्यांची इतकी दया आली की मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. "चाळीस वर्षं पोरांना या गोष्टीसाठी छड्या मारल्या," ते म्हणाले. "मला वाटायचं, खोटं बोलायला काहीतरी अक्कल लागत असेल. काही लागत नाही गं. करुणाच्या तोंडाकडे बघितलं आणि निघून गेलं. आणि मला वाईटसुद्धा वाटलं नाही, याचंच वाईट वाटतंय."

ताई दारात उभी राहून ऐकत होती. "बाबा," ती म्हणाली, "तुम्हाला उभं राहायचं असेल तर राहा. माझ्यासाठी अडू नका."

"तुझं लग्न मोडेल पोरी."

"मोडायचं तर मोडेल." आणि ती भांडी घासायला गेली. हे ती बाबांना धीर यावा म्हणून बोलते आहे, असं मला वाटलं आणि रडू आलं.

ईस्टरची उपासना सूर्योदयाला असते. आमचं देऊळ, म्हणजे चर्च, भरलेलं होतं. पुरुष उजवीकडे, बायका डावीकडे, मधे वाट. बोर्डे बापलेक पुरुषांत सर्वांत पुढे, लीलाबाई आमच्या पुढ्यात. ख्रिस्त उठला आहे, असं पाळकसाहेब म्हणाले आणि खरोखर उठला आहे, असं आम्ही म्हणालो. पेटी वाजली, गाणं झालं. मग पाळकसाहेब एका दमात म्हणाले, "शपथ कुणाची मोडली असल्यास उभं राहावं, नसल्यास आपण प्रार्थना करू या." आणि त्यांनी डोळे मिटलेसुद्धा.

"माझी मोडली," बाबा म्हणाले.

पाळकसाहेबांनी डोळे उघडले. बाबा उभे होते, कोटाची सगळी बटणं लावलेली. आईनं माझा हात धरला. तिची नखं मला रुतत होती.

"बरं," पाळकसाहेब म्हणाले. "बसा मास्तर."

"तुम्ही विचारलं नाही काय ते."

"मी विचारत नाही."

"विचारायला पाहिजे."

"विचारलं तर तुम्ही सांगाल."

"त्यासाठीच विचारा म्हणतोय."

"मास्तर, आज सणाचा दिवस आहे. बसा."

"तुम्ही विचारल्याशिवाय मी बसणार नाही."

पुढच्या सतरंजीवर भास्कररावांची पाठ ताठ झाली होती. कुणीतरी खोकलं. आणि आमच्या मागच्या रांगेत बांगड्या वाजल्या.

"माही बी मोडली," सगुणाबाई म्हणाल्या. त्या गुडघ्यावर हात ठेवून उठत होत्या. "काल सकाळी. नळावर."

तेवढ्यात पुरुषांतून पीठगिरणीवाला शांतवन उठला. "मंगं माही बी. काल. गिरणीपाशी."

"आमची चौघांची," चिंचेखालचे म्हातारे एकमेकांना धरून उठले. "चिंचेखाली."

"दवाखान्याच्या पायरीवर," कंपाउंडर म्हणाला.

एकेक उठत गेलं. सगळ्यांची शपथ कालच मोडली होती, सकाळीच, आणि जो तो फक्त जागा सांगत होता. नळ, गिरणी, चिंच, पायरी. खिडकीतून मी भास्कररावांना ज्या वाटेनं जाताना पाहिलं होतं ती अख्खी वाट माझ्यासमोर उभी राहिली होती. ज्या माणसांनी आठवडाभर एकमेकांची गय केली नव्हती, त्यांतल्या प्रत्येकाला त्या टीसीनं एकट्याला गाठून ताईच्या दुखण्याचं विचारलं होतं, आणि प्रत्येकानं एकमेकांना न विचारता एकच उत्तर दिलं होतं. मी रडत होते की हसत होते ते मला आजही सांगता येणार नाही.

शेजारी आई उठली.

"तू कुठं खोटं बोललीस?" मी कुजबुजले.

"बोलणार होते," ती म्हणाली.

शेवटी पाळकसाहेबांनी चष्मा काढला. "माझीही मोडली," ते म्हणाले. "काल. माझ्याच घरी, जेवताना." ते आधीच उभे होते, त्यामुळे काय करावं हे त्यांना कळेना. ते एक पाऊल पुढे आले.

आता पुढे बसलेले उरले होते ते बोर्डे. भास्करराव हळूहळू मागे वळून त्या सगळ्या उभ्या माणसांकडे बघत होते. ज्यांना ज्यांना त्यांनी काल तपासलं होतं, ती सगळी विनातिकीट निघाली होती. आता हा माणूस बायकोला आणि मुलाला घेऊन दाराबाहेर पडणार, अशी माझी खात्री झाली. ते उठले. पण दाराकडे गेले नाहीत.

"बोर्डेसाहेब, तुम्ही शपथ घेतलेली नव्हती," पाळकसाहेब म्हणाले.

"माहीत आहे," ते म्हणाले. "मास्तरांच्या घरी, काल. बाईंनी तब्येतीचं विचारलं तेव्हा. आमचा जयवंत दोन वर्षं सॅनिटोरियममध्ये होता. क्षयानं. तीन स्थळं मोडली त्याची. म्हणून मी घरोघर विचारत होतो. म्हटलं, यांच्याकडे काहीतरी निघालं तर आपलं झाकता येईल. एकाही माणसानं काही सांगितलं नाही. मला वाटलं, हे गाव आहे का चेष्टा."

लीलाबाई पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या. बाबा वाट ओलांडून भास्कररावांपाशी गेले आणि काही बोलायचं म्हणून म्हणाले, "माझे वडील प्लेगनं गेले."

"मला वाटलंच होतं," भास्करराव म्हणाले.

मग दोघांनाही एकदमच काहीतरी सुचलं असावं. दोघांनीही आपापल्या लेकरांकडे बघितलं.

"करुणा," बाबा म्हणाले, "कुठल्या सॅनिटोरियममध्ये होता हा, तुला माहीत होतं?"

"पुरुषांचा व्हरांडा आमच्या व्हरांड्यासमोरच होता, बाबा," ताई म्हणाली.

सगळं देऊळ उभं होतं, खोटं बोललेलं आणि बोलणार असलेलं. मीसुद्धा उभी होते, पण मी नुसती बघायला उठले होते. फक्त ती दोघं खाली बसली होती. एक पुरुषांच्या सतरंजीवर, एक बायकांच्या. एवढ्या चौकशीत दुखण्याचं त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.